लक्ष्मी रोडचा पादचारी दिन आणि कायमचा प्लॅन: साडेचार स्टार आणि अडीच स्टार

स्टार आधीच देऊन टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं सगळं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. ११ डिसेंबरचा पादचारी दिन, पाचपैकी साडेचार. आणि लक्ष्मी रोड कायमचा चालणाऱ्यांचा करायचा जो विषय दरवर्षी त्या दिवसाच्या आसपास निघतो आणि जानेवारी उजाडला की थंडावतो, त्याला अडीच. दोन्हींत एवढा फरक का ते खाली लिहिते, जरा लांबलंय, पण हा रस्ता माझ्या शाळेचा रस्ता आहे त्यामुळे थोडक्यात लिहिणं जमणार नाही.

पुण्याबाहेरच्यांसाठी दोन ओळी. लक्ष्मी रोड म्हणजे जुन्या पेठांच्या मधून जाणारा बाजाराचा रस्ता, साड्या, सोनं, भांडी, लग्नाचा बस्ता, सगळं इथेच. एका टोकाला क्वार्टर गेट, दुसऱ्या टोकाला अलका टॉकीजचा चौक, मध्ये सोन्या मारुती, सिटी पोस्ट, बेलबाग चौक, कुंटे चौक. वाहतूक एकेरी, अलकाच्या दिशेने. विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने जाते, बेलबाग चौकातून आत शिरते आणि अलका चौकात बाहेर पडते. पादचारी दिन महापालिकेने २०२१ मध्ये सुरू केला, ११ डिसेंबरला नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा दिवसभर गाड्यांना बंद आणि माणसांना उघडा. देशात असा दिवस पाळणारी पहिली महापालिका आपली, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं आणि मला त्याचा खरंच अभिमान वाटला होता.

तर आधी त्या दिवसाबद्दल. मी आईला घेऊन गेले होते, तिचे दोन्ही गुडघे दुखतात, एरवी लक्ष्मी रोडला यायचं म्हटलं की ती नाहीच म्हणते, कारण फुटपाथवर दुकानांच्या पायऱ्या, त्या चुकवायला खाली उतरायचं तर लावलेल्या गाड्या, त्यांच्या पलीकडे उतरायचं तर थेट वाहत्या ट्रॅफिकमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने चालायचं कुठे हा प्रश्न तिथे कायम आहे. त्या दिवशी ती रस्त्याच्या मधोमध चालली. हात न धरता. मधे खुर्च्या मांडलेल्या होत्या त्यातल्या एकीवर बसली आणि वर बघायला लागली, आणि मग मीही वर बघितलं. इतकी वर्षं जातेय येतेय पण दुकानांच्या पाट्यांच्या वर काय आहे ते बघायची सवडच मिळालेली नव्हती, कारण नजर सारखी पायाखाली आणि मागून येणाऱ्या गाडीवर. वर लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या आहेत, नक्षीचे ब्रॅकेट आहेत, एका वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा कठड्यावर हात टेकून खाली बघत होते आणि आईने त्यांना हात केला, ओळख ना पाळख. त्यांनीही केला.

आवाज कमी झाला की काय होतं ते पण सांगते. हॉर्न नसल्यामुळे माणसं साध्या आवाजात बोलत होती. बांगड्यांच्या दुकानातला मुलगा ओरडून बोलावत नव्हता, नुसतं "या ना ताई" म्हणत होता आणि ते ऐकू येत होतं. लहान मुलं रस्त्यावर खडूने काढत बसली होती, डांबरावर. हुजूरपागेच्या मुली शाळा सुटल्यावर घोळक्याने रस्ताभर पसरून चालल्या होत्या. १८८४ मध्ये सुरू झालेली ही मुलींची शाळा, मी पण तिथलीच, आणि शाळा सुटताना गेटाबाहेर व्हॅन, रिक्षा, न्यायला आलेल्या आयांच्या स्कूटर आणि मागून हॉर्न देणारी बस यांच्यामधून वाट काढणं हे आमच्या शाळेच्या दिवसांचा भागच होतं. ज्या रस्त्यावर रोज शेकडो मुली ये-जा करतात त्या रस्त्यावर त्यांना निवांत चालायला मिळणारा दिवस वर्षातून एकच असावा हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही.

अर्धा स्टार कशाला कापला, तर स्वच्छतागृह. महिलांसाठी जवळ नीट सोय आणि तिची ठळक पाटी, हे अशा कार्यक्रमात सगळ्यात आधी हवं. रस्त्यावर मोठ्ठा स्टेज आणि स्पीकर नसला तरी चालेल, टॉयलेट कुठे आहे ते लांबून दिसलं पाहिजे. पिण्याच्या पाण्याचंही तेच.

आता अडीच स्टारवाल्या भागाकडे येते.

हा रस्ता गाड्यांशिवाय चालू शकतो की नाही, हा प्रश्न पुण्यात विचारायची गरजच नाही असं मला वाटतं. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी पेठांमधले मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात आणि लाखो लोक चालत येतात. विसर्जनाला तर लक्ष्मी रोड एका दिवसाहून जास्त वेळ मिरवणुकीचाच असतो. तेव्हा पोलीस, महापालिका, मंडळं, दुकानदार, राहणारे सगळे मिळून जमवतात, गाड्या कुठे लावायच्या याचे नकाशे आधी पेपरात येतात, लोक ते पाळतात. म्हणजे करता येतं. जे सणाला जमतं ते आठवड्याच्या ठरलेल्या वेळी का जमू नये, एवढाच माझा मुद्दा आहे. एकदम सगळा रस्ता, बारा महिने चोवीस तास बंद करा असं मी म्हणतच नाहीये. शनिवार-रविवारी संध्याकाळी चार ते नऊ, एवढ्या वेळापासून सुरू करा, पण दर आठवड्याला करा, न चुकता करा, म्हणजे लोकांना सवय लागेल आणि दुकानदारांना खरा आकडा कळेल की गल्ला वाढतोय का कमी होतोय. एका दिवसाच्या कार्यक्रमातून कुणालाच काही कळत नाही. उत्साहाने आलेली गर्दी असते ती, रोजची गिऱ्हाइकं नसतात.

दुकानदारांचा विरोध आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. आमच्या घराचा बस्ता ज्या दुकानात पिढ्यान्पिढ्या बांधला जातो (नाव लिहीत नाही) तिथल्या काकांशी बोलले. ते म्हणाले, "अगं, चालत येणारं गिऱ्हाईक मला आवडतंच की. पण शिरूरहून, वाईहून माणसं येतात, सात-आठ जण, सोबत दोन म्हाताऱ्या, आणि परत जाताना पंधरा पिशव्या. ती गाडी कुठे लावणार ते मला सांग, मी उद्या दुकानासमोर कुंड्या ठेवतो." खरंय ना हे. बस्ता घ्यायला येणारा माणूस आणि विंडो शॉपिंगला येणारा माणूस वेगळा. बस्तावाली मंडळी दिवसभर असतात, मोठी खरेदी करतात, आणि रस्ता बंद म्हणून ती जर बाहेरच्या एखाद्या मोठ्या मॉलकडे, हायवेवरच्या शोरूमकडे वळली तर त्या काकांचं नुकसान कोण भरून देणार.

पण त्याच काकांना मी विचारलं की आत्ता ती शिरूरची गाडी तुमच्या दारात लागते का. नाही लागत. आत्ता तरी कुठे लागते! दारात लागलेल्या असतात त्या बाजूच्या दुकानातल्या स्टाफच्या टू-व्हीलर, सकाळी लावलेल्या त्या रात्री निघतात. पी-वन पी-टूच्या पाट्या आहेत, सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी, पण एकदा जागा मिळाली की हलायचं नाही हा सगळ्यांचाच नियम. म्हणजे दारातली जागा गिऱ्हाइकासाठी वापरलीच जात नाहीये, आणि भांडण मात्र तिच्यासाठी चाललंय. काका यावर काही बोलले नाहीत पण मान हलवली.

जागा लागेल ती आसपास आहे. मंडईजवळ आर्यन आणि मिसाळ वाहनतळ आहेत, नारायण पेठेत हमालवाडा आहे. तिथे किती जागा रिकामी आहे ते अलका चौकात, शनिवारवाड्याशी, स्वारगेटकडून येताना पाटीवर दिसलं पाहिजे. तिथून लक्ष्मी रोडपर्यंत छोट्या ई-रिक्षा सतत फिरत्या पाहिजेत, म्हाताऱ्यांसाठी आणि पिशव्यांसाठी. आणि दुकानदारांनी मिळून एक सोय केली तर फारच छान, बिल झालं की पिशव्या थेट वाहनतळावरच्या एका काउंटरला पोचत्या करायच्या, गिऱ्हाईक हात हलवत चालत जाईल, मधे भेळ खाईल, अजून दोन दुकानं बघेल. पेठेत हमाल आहेत, हातगाड्या आहेत, गल्ल्या पाठ असलेली पोरं आहेत, अशा कामाला माणसं शोधायला बाहेर जायची गरज नाही.

पार्किंगच्या बाबतीत शहराने स्वतःच जे कागदावर लिहिलंय ते केलं तरी पुष्कळ होईल. २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं, खूप विरोध झाला म्हणून मोजक्या रस्त्यांपुरतं ठेवलं आणि तेवढंही प्रत्यक्षात उतरलं नाही. त्याच वर्षी बातमी होती की पुण्यात नोंदलेली वाहनं ३६ लाखांच्या वर गेली, लोकसंख्येच्याही पुढे. पेठांचे रस्ते पेशव्यांच्या काळापासूनचे, माणसाच्या आणि घोड्याच्या मापाचे, ते आता रुंद होणार नाहीत, त्यासाठी वाडे पाडायला मी तरी तयार नाही. मग जागेची किंमत लावण्याशिवाय उपाय काय? रस्त्यावर फुकट गाडी लावता येते तोपर्यंत वाहनतळात पैसे देऊन कोण लावणार?

आता बस. यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितेय. लक्ष्मी रोडवरून पीएमपीच्या, म्हणजे शहराच्या बससेवेच्या, बस जातात, आणि रस्ता बंद केला की त्या पण वळवल्या जातात. बसने येणारी बाई म्हणजे चालणारीच बाई आहे ना. कामवाल्या मावशी, दुकानात सेल्सगर्ल म्हणून काम करणाऱ्या मुली, हडपसरहून येणारे शिलाईवाले, यांचा स्टॉप लांब गेला तर चालणाऱ्यांसाठी केलेल्या योजनेत चालणाऱ्यांचंच हाल होतं. मला वाटतं कायमच्या प्लॅनमध्ये मधली एक लेन बससाठी आणि ॲम्ब्युलन्स-अग्निशमनसाठी ठेवावी, बाकी दोन्ही बाजू माणसांना द्याव्या. बस हळू चालेल, चालू दे. २०२१ मध्ये पुण्यदशम नावाच्या छोट्या बस पेठांसाठी आणल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर कितीही फिरा, ती कल्पना फार चांगली होती, गल्लीतून जाणारी, आजीला चढता येईल अशी बस. लक्ष्मी रोडच्या प्लॅनला तशी बस जोडली तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

मेट्रोमुळे तर गाडी आणायचं कारणच उरलेलं नाहीये. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाला, कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्टेशनं पेठांच्या पोटात उघडली. पिंपरीहून बसलेला माणूस मंडईला उतरतो आणि तुळशीबागेच्या बाजारातून चालत चालत बेलबाग चौकात येतो. एवढे हजारो कोटी खर्चून माणसाला जमिनीखालून पेठेपर्यंत आणायचं आणि वर आल्यावर त्याला चालायला फुटपाथ नाही, हे मला फार लागतं. स्टेशनातून बाहेर आल्यावरचे पहिले पाचशे मीटर नीट असणं हा मेट्रोच्याच कामाचा भाग धरायला हवा होता. तुळशीबागेत शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा, अंगाला अंग लागतं.

ज्यांना वाटतं की फुटपाथ रुंद करून दिला की झालं, त्यांनी जंगली महाराज रस्त्यावर, म्हणजे जेएम रोडवर, एक चक्कर मारावी. २०१६ मध्ये पुण्याने रस्ते कसे असावेत याची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं केली, पादचारी धोरण केलं, आणि जेएम रोड त्यातलं सगळ्यांना दिसलेलं काम. बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूने चालायला लागलं की खरंच बरं वाटतं. जुनी झाडं न तोडता फुटपाथमध्ये सामावून घेतली, बसायला जागा, मुलांसाठी खेळायचं साहित्य, गाड्या लावायला आखलेले कप्पे. माझ्या भाच्यांना तिथे आईस्क्रीमपेक्षा त्या खेळण्यांचं आकर्षण जास्त. संध्याकाळी कॉलेजची मुलंमुली, जॉगिंग करणारे काका, व्हीलचेअरवरून फिरायला आणलेल्या आजी, सगळे एकाच फुटपाथवर दिसतात आणि रस्ता म्हणजे काय असू शकतो ते कळतं. डिझाइनला पैकीच्या पैकी.

पण सायकल ट्रॅकवर बघा. टू-व्हीलर लावलेल्या असतात, काही ठिकाणी हातगाड्या, सिग्नलला गर्दी झाली की मोटरसायकलवाले थेट वर चढवतात आणि चालणाऱ्यालाच हॉर्न देतात. बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायला फुटपाथवर रोवलेला खांब, मोडला की मोडलेलाच राहतो आणि त्या एका फटीतून सगळ्या गाड्या आत येतात. पेठेत एका नव्याने केलेल्या फुटपाथवर तर मी स्वतः बघितलंय, दृष्टिहीनांसाठी लावतात त्या उंचवट्याच्या पिवळ्या टाइल्सची ओळ सरळ जाऊन विजेच्या डीपीच्या लोखंडी पेटीला टेकते. तिथून पुढे टाइल्स नाहीत. काठी घेऊन त्या रेषेवरून येणाऱ्या माणसाने काय करायचं? ज्याने त्या टाइल्स बसवल्या त्याने रेषा ओढली, ज्याने पेटी बसवली त्याने पेटी बसवली, आणि दोघांचं काम बघायला जो माणूस असायला हवा होता तो नव्हता. मला लक्ष्मी रोडच्या प्लॅनमध्ये सगळ्यात आधी हेच नाव वाचायचंय, काम झाल्यावर हा रस्ता रोज बघणारं कोण.

याच जेएम रोडवर आपल्याच शहराने एक चांगला धडा घालून दिलाय. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो डांबरी रस्ता केला तो दहा वर्षांच्या लेखी हमीवर, खड्डा पडला तर आम्ही भरू, आणि पुढे कित्येक पावसाळे तो रस्ता खड्ड्यांशिवाय राहिला, पुण्यात कुणालाही विचारा, तो किस्सा सांगतील. मग फुटपाथच्या, ग्रॅनाइटच्या, बोलार्डच्या कामाला तशी दहा वर्षांची हमी आज का मागायची नाही? टाइल हलली, बोलार्ड तुटला, झाकण वर आलं, आठवड्यात दुरुस्त, नाहीतर बिल कापायचं. टेंडरमध्ये एवढं एक कलम असलं तर माझा अडीचचा आकडा लगेच साडेतीन होईल.

बाहेरच्या दोन जागांचं उदाहरण देते कारण दोन्ही बाजारपेठा लक्ष्मी रोडसारख्याच आहेत. दिल्लीचा चांदनी चौक. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत साधारण १.३ किलोमीटर, सप्टेंबर २०२१ मध्ये नव्याने खुला झाला, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार गाड्यांना बंदी. मी गेले होते तेव्हा चालायला जागा भरपूर, लाल दगडाची फरशी, बसायला ओटे, फार सुंदर वाटलं, पण तरी मधूनच मोटरसायकली येत होत्या आणि सायकल रिक्षांची एवढी दाटी की रस्ता ओलांडायला थांबावं लागत होतं. म्हणजे गाड्या बंद केल्या तरी बाकीच्यांना शिस्त लावायचं काम उरतंच आणि ते रोजचं आहे. दुसरं चेन्नईचा पाँडी बाझार, तोही साड्यांचा आणि सोन्याचाच भाग. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे प्लाझा खुला झाला, पण त्यांनी गाड्या पूर्ण बंद केल्याच नाहीत, गाड्यांची वाट बारीक केली आणि फुटपाथ एवढे रुंद केले की माणसं आपोआप तिकडे पसरली, आणि जवळच बहुमजली पार्किंग उभं केलं. मला लक्ष्मी रोडसाठी चेन्नईचा मार्ग जास्त जवळचा वाटतो, आठवडाभर तसं आणि शनिवार-रविवार संध्याकाळी पूर्ण बंद.

आपल्याकडे कॅम्पात एम. जी. रोडवर वॉकिंग प्लाझा होताच की, शनिवार-रविवारच्या संध्याकाळी. आमच्या कॉलेजच्या वयातली सगळी मंडळी तिथे गेलेली आहेत, बुढ्ढी के बाल खात. तो बंद पडला. २०२० च्या डिसेंबरमध्ये परत सुरू करायचा प्रयत्न झाला तेव्हा लॉकडाऊनने आधीच पोळलेल्या व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि त्यांचं त्या वेळी चुकलं असं मी म्हणणार नाही, वेळच तशी होती. पण त्यातून एक घ्यायला हवं, की दुकानदाराला आधी विचारून, त्याला आकडे दाखवून, माल उतरवायच्या वेळा त्याच्याशी ठरवून मगच सुरू करायचं.

माल उतरवण्यावरून आठवलं. सकाळी अकराच्या सुमारास कुंटे चौकाच्या अलीकडे उभं राहून बघा. टेम्पो उभा, मागचा फाळका उघडा, कापडाचे गठ्ठे पाठीवर घेऊन हमाल वाकून चालतोय, त्याच्या एका बाजूला बस खेटून जातेय आणि दुसऱ्या बाजूने स्कूटरवाला "ए बाजूला हो" म्हणतोय. पन्नास-साठ किलोचं ओझं पाठीवर असलेल्या माणसाने बाजूला कुठे व्हायचं? पहाटे सहा ते दहा फक्त माल, दहानंतर माल बंद, असं ठरलं तर त्या माणसाला रिकामा रस्ता मिळेल. पादचारी म्हटलं की सगळ्यांना फिरायला आलेली माणसं आठवतात, पण या रस्त्यावर सगळ्यात जास्त चालतो तो हमाल, आणि त्याला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तसंच पथारीवाल्यांचं. रस्ता सुंदर करायचा म्हटलं की पहिला घाव त्यांच्यावर येतो. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, सर्व्हे करा, समिती करा, जागा ठरवून द्या असं त्यात स्पष्ट आहे. रुमाल, सेफ्टीपिना, परकराच्या नाड्या, फॉल, हे सगळं लक्ष्मी रोडवर साडी घेतल्यावर लागतंच आणि ते मोठ्या दुकानात मिळत नाही, बाहेरच्या मावशीकडे मिळतं. त्यांना आखलेली जागा द्या, छत्री द्या, आणि त्या आखणीच्या बाहेर कुणीच नाही, दुकानदाराचा पुतळाही नाही, कारण फुटपाथवर साडी नेसवलेले पुतळे उभे करणारे कोण असतात ते आपण सगळे बघतोच.

पैशाचं म्हणाल तर, याच भागातली मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ ची. ती बांधायचं घाटत होतं तेव्हा महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि त्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं. आज ती मंडई त्यांच्याच नावाने आहे. मला ते नेहमी आठवतं कारण प्रश्न तोच आहे, दिसायला छान अशा कामावर किती घालायचे आणि रोजच्या गरजेवर किती. लक्ष्मी रोडला कोरीव दिवे आणि महाग फरशी नसली तरी चालेल. सपाट, न घसरणारी, पावसात पाणी न साठणारी फरशी पाहिजे, टॉयलेट पाहिजे, सावली पाहिजे, आणि दर चौकात एक वॉर्डन पाहिजे. उरलेले पैसे देखभालीला बाजूला टाका.

पेठेत राहणाऱ्यांचं एक. माझी मावशी नारायण पेठेत राहते, पादचारी दिनाला तिच्या गल्लीत दिवसभर गाड्या घुसत होत्या कारण मुख्य रस्ता बंद म्हणून सगळे बोळातून वाट काढत होते. मावशी म्हणाली, "तुम्ही आलात मजा केलीत, आम्हाला दारातून बाहेर पडता येईना." तिचं बरोबर आहे. रहिवाशांना पास आणि बोळांच्या तोंडाशी अडथळे, या दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात हव्यात, नाहीतर पेठकर उभे राहतील विरोधात आणि त्यांना दोष देता येणार नाही.

यंदा ११ डिसेंबरला जाणार असाल तर गाडी आणूच नका. मेट्रोने मंडईला उतरा, घरी गुडघेदुखीवालं कुणी असेल तर त्यांनाही आणा, स्टेशनला लिफ्ट आहे. दुपारी तीन-चारच्या आधी पोचलात तर खुर्ची मिळते, संध्याकाळी फार गर्दी होते. खरेदी पण करा, नुसतं फिरून येऊ नका, दुकानदाराला त्या दिवशीचा गल्ला दिसला पाहिजे. आणि तिथे महापालिकेचं कुणी भेटलं तर तीनच गोष्टी विचारा, बस कुठून जाणार, मालाच्या वेळा काय, आणि बोलार्ड तुटला तर फोन कुणाला करायचा. मी पण विचारणार आहे.